पाव, पाणी आणि पाणिनी : परमहंस सभेच्या इतिहासातील हास्य

आषाढी पौर्णिमेला पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात काला होतो. एकादशीपासून नगरीत उतरलेल्या पालख्या तेथे जमतात, लाह्यादह्याचा काला एकमेकांच्या हातून घेतला जातो आणि वारी परतीला लागते. कोणाच्या हातचा घास कोणाच्या मुखात गेला, याची त्या दिवशी कोणी चौकशी करीत नाही, आणि काला खाल्ल्याने कोणाची जात गेल्याचेही ऐकिवात नाही. सोलापूर जिल्ह्याच्या भूमीला पंथ आणि पंक्ती यांचा हा संबंध नवा नव्हे. बिज्जलाच्या सेवेत असलेल्या बसवेश्वरांचे वास्तव्य मंगळवेढ्याला होते. त्याच मंगळवेढ्यात कुसू कोसळून चोखामेळ्याचा अंत झाला आणि त्याची समाधी विठ्ठलाच्या महाद्वारी, म्हणजे दाराच्या अलीकडे, बांधली गेली. काल्याचा घास सर्वांचा, आणि उंबरठा मात्र काहींचाच, अशी ही व्यवस्था कित्येक शतके निर्वेधपणे चालली. घासाने काही बदलत नाही याविषयी सर्वांचे एकमत असल्यामुळेच तो घास निर्धास्तपणे खाता येत होता.

१८४९ च्या सुमारास मुंबईत काही सुशिक्षित तरुणांनी एक नवा पंथ काढला. त्याची दीक्षाही एका घासाचीच होती. परंतु हा घास लाह्यांचा नव्हता, पावाचा होता. आणि तो ख्रिस्ती माणसाने भाजलेला असावा लागे. त्यावर मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावयाचे आणि जातिभेद मानणार नाही अशी प्रतिज्ञा करावयाची, की झाला परमहंस. हा विधी बंद दाराआड होई आणि त्याची वाच्यता बाहेर करावयाची नसे. परमहंस सभा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मंडळीचा इतिहास सुधारणेच्या इतिहासग्रंथांतून बहुधा एका परिच्छेदात उरकला जातो, तोही गंभीर चेहऱ्याने. त्यातील हास्याकडे लक्ष दिले गेलेले नाही. वस्तुतः या सभेचे मोठेपण आणि तिचे अपयश ही दोन्ही त्या हास्यातूनच अधिक नेमकी दिसतात.

मराठी विनोदाला पंथ आणि पंथप्रमुख हा विषय अपरिचित नाही. दासबोधाच्या पाचव्या दशकात रामदासांनी गुरुलक्षणांचा समास लिहिताना चमत्कार दाखवणाऱ्या, मंत्र कानात फुंकणाऱ्या नाना गुरूंची जी परेड काढली आहे ती उपरोधाचा उत्तम नमुना आहे. जोतीराव फुल्यांच्या ‘तृतीय रत्न’ (१८५५) या नाटकात जोशी कुणब्याच्या गरोदर बायकोला ग्रहांची भीती घालतो आणि विदूषक त्याची लबाडी प्रेक्षकांसमोर उघडी करीत जातो. पुढे आचार्य अत्र्यांनी ‘बुवा तेथे बाया’ लिहिले, आणि पु. ल. देशपांड्यांनी ‘तुझे आहे तुजपाशी’ (१९५७) मध्ये आचार्यांना इंदूरच्या काकाजींसमोर उभे करून त्यांच्या व्रतस्थतेतील पोकळी त्यांच्याच तोंडून वदवली. या सर्व परंपरेत हास्याचा विषय झालेला पुढारी एका बाबतीत समान आहे: त्याला लोकांनी आपल्याकडे पाहावे असे वाटते. त्याचे आसन उंच असते, त्याचा आवाज मोठा असतो. परमहंस सभेचा प्रकार याच्या नेमका उलट आहे. येथे पंथ आहे, दीक्षा आहे, प्रार्थना आहेत, शाखा आहेत. फक्त पुढारी सापडत नाही. बुवाबाजीवरचे हास्य अतिदर्शनाचे, तर हे हास्य अदर्शनाचे. मराठीत या दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण क्वचितच मिळेल.

या कथेचा आरंभ मुंबईत नव्हे, सुरतेत होतो. दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–१८८२) तेथे शिक्षणखात्याच्या नोकरीत होते. १८३६ मध्ये वयाच्या बाविसाव्या वर्षी मराठीचे व्याकरण छापून त्यांनी ‘मराठीचे पाणिनी’ या पदवीचा पाया घातला होता. १८४४ मध्ये दुर्गाराम मंछाराम मेहता आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी तेथे मानवधर्मसभा स्थापन केली. दादोबा, दुर्गाराम, दलपतराम, दिनमणिशंकर, दामोदरदास या पाच जणांची नावे ‘द’ने सुरू होणारी, त्यामुळे सुरतेत ही मंडळी ‘पाच दद्दे’ म्हणून ओळखली गेली. पंथाला नाव देण्याआधीच लोकांनी त्याला अनुप्रास बहाल केला होता. या सभेच्या बैठका उघड भरत, तिच्यात वाद होत, आणि भूतपिशाच्च काढणाऱ्या मांत्रिकांना दुर्गाराम आपली विद्या सर्वांसमक्ष सिद्ध करून दाखवण्याचे जाहीर आव्हान देत. मांत्रिकांचे मंत्र सभेत चालले नाहीत. गावकऱ्यांची करमणूक झाली आणि काहींच्या मनातील भयही उतरले. अंधश्रद्धेला सभेत बोलावून तिची परीक्षा घेण्याची ही पद्धत महाराष्ट्रात पुन्हा रुजण्यास पुढे सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

सुरतेत असतानाच, १८४३ मध्ये, दादोबांनी ‘धर्मविवेचन’ हा ग्रंथ लिहिला. ईश्वर एक आहे, तोच उपास्य आहे, मनुष्यमात्राची जात एक आहे, प्रत्येकाला विचाराचे स्वातंत्र्य असावे, आचरण विवेकाला धरून असावे, ज्ञान सर्वांना मिळावे, अशा आशयाची जी तत्त्वे पुढे परमहंस सभेची म्हणून प्रसिद्ध झाली त्यांचे मूळ या विचारात आहे. ती आज वाचताना शालेय प्रार्थनेसारखी निरुपद्रवी वाटतात. मात्र ‘धर्मविवेचन’ छापले गेले ते १८६८ मध्ये, म्हणजे लिहिल्यानंतर पंचवीस वर्षांनी, आणि त्यावर कर्त्याचे नाव होते ‘एक जगद्वासी आर्य’. विचाराच्या स्वातंत्र्याचा पुरस्कार करणारा ग्रंथ पाव शतक पेटीत राहिला आणि बाहेर आला तेव्हा बुरखा घेऊन आला. सभेचा सारा स्वभाव या एका प्रकाशनवृत्तात सामावलेला आहे.

१८४६ मध्ये दादोबा मुंबईस परतले आणि काही वर्षांतच परमहंस सभा अस्तित्वात आली. सुरतेची सभा उघडी होती, मग मुंबईची गुप्त का? याचे कारण दोहोंच्या कार्यक्रमात आहे. सुरतेत मांत्रिकाची फजिती करावयाची होती. ती पाहायला शेजारीपाजारी येणार आणि हसून घरी जाणार. मुंबईच्या सभेने मात्र जातीला, आणि तेही स्वतःच्या तोंडाने, हात घातला होता. वाद घालणाऱ्याला समाज एकवेळ क्षमा करतो, पण जेवणाऱ्याला करीत नाही.

पाव हीच वस्तू का निवडली गेली, याचे उत्तर त्या काळाच्या भयात शोधले पाहिजे. पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीजांच्या काळापासून पावाभोवती धर्मबदलाच्या दंतकथांचे जाळे विणले गेले होते. विहिरीत पावाचा तुकडा टाकला आणि ते पाणी प्यालेला सारा गाव बाटला, ही लोकसमजूत वसईपासून गोव्यापर्यंत रूढ होती. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हा मिशनऱ्यांच्या घरी राहिला आणि जेवला, पण त्याने बाप्तिस्मा घेतला नव्हता. त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावर मुंबईत जो गदारोळ उठला, त्यात त्याची बाजू घेणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनाही पुष्कळ त्रास सोसावा लागला. मुलाने कोणते मत स्वीकारले हा प्रश्नच नव्हता. त्याने काय गिळले हा प्रश्न होता. धर्म मस्तकात नसून जठरात असतो, हा त्या काळचा रूढ सिद्धान्त होता, आणि परमहंसांनी तो खोडून काढण्यासाठी नेमका तोच स्वीकारला. पाव खाल्ल्याने जात जाते, असे सनातनी म्हणत होते. परमहंसही तेच म्हणत होते. फरक इतकाच की ती जावी अशी त्यांची इच्छा होती. तुकड्याच्या सामर्थ्यावर दोघांची श्रद्धा सारखीच दृढ होती.

येथे सभेच्या विनोदाचे मर्म आहे. कर्मकांडाला विरोध करणाऱ्या पंथाचे स्वतःचे एक कर्मकांड होते, आणि ते इतर कोणत्याही कर्मकांडाइतकेच काटेकोर होते. मराठीत देव ‘पावतो’. या पंथात पावच देव होऊन बसला. त्यात पुन्हा ख्रिस्त्याचा पाव आणि मुसलमानाचे पाणी अशी कामाची वाटणी करून ठेवलेली. जातिभेद मोडण्याच्या विधीतही कोणी काय द्यावयाचे हे जन्मावरून ठरत होते. मनुष्यमात्राची जात एक, हे तत्त्व खरे मानले तर पाव कोणी भाजला याने काय फरक पडतो, हा प्रश्न त्या बंद खोलीत कोणी विचारला असता तर सभा त्याच दिवशी विसर्जित झाली असती.

तथापि या हास्याला लगेच शरण जाणे अन्यायाचे होईल. बहिष्कार हा त्या काळी शब्द नव्हता, यंत्रणा होती. बहिष्कृताच्या घरी भटजी येत नसे, न्हावी येत नसे, परीट कपडे नेत नसे. त्याच्या मुलीला स्थळ येत नसे आणि घरात मृत्यू झाला तर खांदा द्यायला चौघे मिळत नसत. शिवाय त्या पावाच्या तुकड्याचा हिशेब ज्यांना चुकवावा लागला असता त्या स्त्रिया त्या खोलीत नव्हत्या. रात्री घरी जाऊन परमहंस पत्नीच्या किंवा आईच्या हातचे सोवळ्यातले अन्न जेवत असणार. त्याच्या तोंडातील तुकड्याची वार्ता फुटती, तर आधी ते स्वयंपाकघर बाटले असते. सभेच्या सात तत्त्वांत मनुष्यमात्राचा उल्लेख आहे, पण चुलीचा नाही. गुप्ततेचे हे दुसरे कारण इतिहासकारांनी फारसे विचारात घेतलेले नाही. समाजापासून लपणे त्यामानाने सोपे होते. घरापासून लपणे हे रोजचे काम होते.

आता पुढाऱ्याचा प्रश्न. सभेचे अध्यक्ष राम बाळकृष्ण जयकर होते आणि अ. का. प्रियोळकरांनी १९६६ मध्ये सभेवर लिहिलेल्या ग्रंथाच्या शीर्षकात सभेबरोबर त्यांचेच नाव आहे. पण सभेचा वैचारिक जनक म्हणून नाव घेतले जाते ते दादोबांचे. त्यांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग सभेत होते, तत्त्वे दादोबांच्या विचारातून आली होती. दादोबा स्वतः मात्र नेहमी एक पाऊल उंबरठ्याबाहेर ठेवून उभे दिसतात. सरकारी नोकरी, मोठे कुटुंब, विद्वान म्हणून असलेला लौकिक, यांचा विचार करता हे समजण्यासारखे आहे. प्रियोळकरांनीच १९४७ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केलेले दादोबांचे आत्मचरित्र १८४६ पर्यंत येऊन थांबते. सुरतेच्या उघड्या सभेपाशी लेखणी मोकळी चालते आणि मुंबईची गुप्त सभा सुरू होण्याआधीच ती खाली ठेवली जाते. त्यामागे हेतू होता असे म्हणण्यास आधार नाही; पण इतिहासाचा विनोद हेतूची वाट पाहत नसतो.

दादोबांच्या व्याकरणाने मराठी मुलांना कर्ता, कर्म, क्रियापद शिकवले. परमहंस सभेच्या वाक्यात मात्र कर्ताच नाही. सभा स्थापिली गेली, पाव खाल्ला गेला, प्रतिज्ञा घेतली गेली: सारी क्रियापदे हजर, कर्म तर टेबलावरच ठेवलेले, आणि कर्ता लुप्त. मराठीच्या पाणिनीने घडवलेले हे सर्वांत अपूर्ण वाक्य होय. त्याच्या जागी जो शब्द येतो तो ‘एक’. ‘धर्मविवेचना’चा कर्ता ‘एक जगद्वासी आर्य’. तुकाराम तात्या पडवळ यांनी १८६१ मध्ये ‘जातिभेद विवेकसार’ लिहिले, त्यावर ‘एक हिंदू’. दादोबांनी १८७८ मध्ये स्वीडनबोर्गच्या ग्रंथांवर इंग्रजीत लिहिले, त्याच्या शीर्षकातही पुन्हा एक हिंदू गृहस्थच आहे. एकेश्वरवादी मंडळींनी ‘एक’ या शब्दाचा असा दुहेरी उपयोग करावा, हे लक्षणीय आहे. ईश्वराच्या मागे लावला की तो निश्चय दाखवतो. स्वतःच्या मागे लावला की संदिग्धता. मराठी गद्याच्या त्या पहिल्या पिढीत टोपणनाव ही हौस नव्हती. ते लिहिणाऱ्याचे चिलखत होते, आणि चिलखताखाली माणूस ओळखू येत नाही अशी त्याची समजूत असे. मुंबईसारख्या शहरात, जेथे लिहिणारे पन्नास आणि वाचणारेही बहुधा तेच, ही समजूत कितपत खरी होती याची शंकाच आहे.

या मंडळीतला एक सभासद मात्र कर्ता झाला. बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांनी १८५४ मध्ये बेळगावास उघडपणे ख्रिस्ती धर्म स्वीकारला. परमहंस सभेविषयी आतून लिहिलेले जे थोडे लेखन उपलब्ध आहे त्यात त्यांच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्राचा वाटा मोठा आहे. अर्थात तो साक्षीदार निःपक्ष नाही. आपण ज्या मुक्कामाला पोहोचलो त्या वाटेवरची एक अपुरी धर्मशाळा म्हणून तो सभेकडे पाहतो. तरीही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. सभेतून बाहेर पडलेल्या याच माणसाने १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहिले आणि विधवांच्या दुःखाची कथा मराठी कादंबरीच्या आरंभी ठेवली. बंद खोलीत ज्या स्त्रिया नव्हत्या, त्या खोलीबाहेर आलेल्या लेखकाच्या पुस्तकात आल्या. ‘यमुनापर्यटना’च्या कलात्मक मर्यादांवर पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यामागे हा मौनाचा अनुभव उभा आहे, याची दखल घेतली गेलेली नाही.

सभेच्या शाखा मुंबईबाहेरही निघाल्या. सभासद पुरेसे वाढले म्हणजे सभा उघड करू, असा विचार होता. किती म्हणजे पुरेसे, हा या कथेतील सनातन प्रश्न. प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहत होता आणि दुसराही तेच करीत होता. शेवटी १८६० च्या सुमारास सभेचे दप्तर चोरीस गेले, सभासदांची नावे फुटण्याची वेळ आली आणि सभा विरून गेली. तिला कोणी बंद केले नाही, तिच्यावर खटला झाला नाही, कोणा शंकराचार्यांना आज्ञापत्र काढण्याचे श्रम पडले नाहीत. सनातन्यांच्या सर्व शास्त्रार्थांना जे साधले नसते ते कागदाच्या एका पुडक्याने साधले. गुप्त मंडळीने सभासदांची लेखी नोंद ठेवावी, हा विनोद तर खास सुशिक्षितांचाच. शाळाखात्यात वाढलेल्या पिढीला हजेरीपटावाचून सभा कशी असू शकते, हे कळणे कठीण होते.

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात यादी हा एक प्रभावी वाङ्मयप्रकार होता, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये. तीस वर्षांनंतर, ऑक्टोबर १८९० मध्ये, पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला गेली. तेथे चहाबिस्किटे पुढे आली. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली आणि साऱ्या पुण्यात कोण प्याला, कोणी नुसता पेला हातात धरला, कोणी पेला खाली ठेवला, याची शास्त्रीय चर्चा सुरू झाली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले आणि अनुयायांचा रोष ओढवून घेतला. पावाच्या जागी चहा आला, बंद खोलीच्या जागी मिशनचा दिवाणखाना आला, यादी मात्र तीच राहिली. पंचहौदच्या प्रकरणाची गंमत सर्वांना ठाऊक आहे, कारण तेथे नावे छापली गेली. परमहंसांची यादी दहशत निर्माण करून नाहीशी झाली, म्हणून त्यांच्या वाट्याला पुरते हसूही आले नाही.

सभा संपली, पण माणसे संपली नाहीत. ३१ मार्च १८६७ रोजी आत्माराम पांडुरंगांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज स्थापन झाला, आणि या वेळी दार उघडे होते. पण उघड्या दारातून आत येताना पाव बाहेर ठेवावा लागला: जातित्यागाची सक्ती प्रार्थना समाजाने सभासदांवर केली नाही. गुप्त राहून टोकाचे तत्त्व, की उघड होऊन सौम्य तत्त्व, असा हा विनिमय होता. ‘निबंधमाले’ने पुढे या समाजाची जी टिंगल केली तिचा रोख त्याच्या भिडस्तपणावर होता, विष्णुशास्त्र्यांचा उपहास अनेकदा अन्यायी असला तरी नेम धरण्यात ते क्वचित चुकत. दुसरीकडे, पडवळांच्या ‘जातिभेद विवेकसारा’ची दुसरी आवृत्ती १८६५ मध्ये जोतीराव फुल्यांनी प्रसिद्ध केली आणि १८७३ मध्ये सत्यशोधक समाज भर पुण्यात स्थापन केला. फुल्यांना यादीची भीती घालता येत नव्हती. ज्यांना पंक्तीतच बसवले जात नव्हते, त्यांना पंक्तीतून उठवण्याची धमकी देऊन काय साधणार? परमहंसांचे भय हे मुळात पंक्तीत जागा असलेल्यांचे भय होते, ही गोष्ट त्यांच्या धैर्याचे मोल ठरवताना विसरता येत नाही.

प्रार्थना समाजाचे पंढरपूरचे बालकाश्रम १८७५ मध्ये सुरू झाले. तेथील न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांनी या कामात पुढाकार घेतला. लोकलज्जेने टाकून दिलेली अर्भके, म्हणजे ज्यांच्या जन्माची नोंद कोणत्याच यादीत व्हावयाची नव्हती ती, तेथे वाढू लागली. त्यांच्या मुखात पहिला घास कोणाच्या हातचा गेला, हे विचारणारा कोणी नव्हता. विठ्ठलाचा उंबरठा मात्र तसाच राहिला. तो सर्वांना मोकळा व्हावा म्हणून साने गुरुजींना १ मे १९४७ पासून दहा दिवस त्याच गावात अन्न सोडून बसावे लागले.

दादोबा १८८२ मध्ये वारले. आपल्या पुस्तकांवर ‘एक’ अमुक, ‘एक’ तमुक अशी सही करणाऱ्या या गृहस्थाने मोरोपंतांच्या केकावलीवर १८६५ मध्ये एक टीका लिहिली होती. तिच्या नावातच आई आणि वडील, दोघेही आहेत: ‘यशोदा पांडुरंगी’.